पाठ टँकरच्या हॉर्नचा

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. आमच्या बी.एड.च्या अख्ख्या वर्गात माझ्यासारखा शैक्षणिक व्हिडिओ कुणालाच बनवता येत नव्हता. हे माझं मीच म्हणते, पण तोंडावर कुणी नाही म्हटलं नाही, म्हणजे मान्यच आहे की. आमचा दिपक कार्डशीटवर स्केचपेननं गांडूळ रंगवत बसला होता, तेवढ्या वेळात मी तेच गांडूळ पडद्यावर वळवळायला लावलं होतं. पुढच्या बाकावरच्या पोरींनी पाय वर घेतले होते, बोला.

मल्टिमीडियाचा तास आमच्या सोलापूरच्या कॉलेजात शनिवारी असायचा. मला तो तास म्हणजे गड्ड्याची जत्राच वाटायची. चित्र घ्या, आवाज घाला, बाण फिरवा, ढग सरकवा. शिकवणारे सर एकच गोष्ट परत परत सांगायचे, "नेटवरनं उचललेले आवाज वापरू नका. पोरांच्या कानाला ओळखीचा आवाज घ्या. परिसरातला, अस्सल." हे वाक्य मी असं काही मनावर घेतलं की घरच्यांचं जगणं मुश्कील झालं. बाष्पीभवनाच्या पाठासाठी कुकरची शिट्टी हवी होती. पहिली शिट्टी नीट आली नाही, दुसरीला शेजारची गुरम्मा काकू मध्येच बोलली, तिसरीला माझा मोबाइल खाली पडला. चांगली शिट्टी मिळेपर्यंत मी आईला गॅस बंद करू दिला नाही. त्या रात्री आम्ही डाळ वाटीतून प्यायलो.

"पोरगी शिक्षिका होणार का बँडवाली?" बाबांनी विचारलं.

"दोन्ही," मी म्हणाले.

तर अशा तयारीची मी, आणि मला इंटर्नशिपसाठी शाळा मिळाली सांगोल्याच्या पुढची. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथले लोक आता माझ्या चांगल्या ओळखीचे झालेत. सांगोल्यात माझी पारूआत्या राहते. तिच्याकडे मुक्काम आणि रोज सकाळी एसटीनं शाळा. शाळा गावाबाहेर माळावर, पत्र्याच्या छपराची. तिच्या अंगालाच माळवस्ती, शेरडं-मेंढरं पाळणाऱ्यांची घरं. गावाचा चौक तिथून बराच लांब, खाली.

तिथले मुख्याध्यापक महिपती सर. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले, "धम्मप्रिया मॅडम, जूनपासनं भूगोलाची एक जागा मोकळी होतीय. तासिका तत्त्वावर का होईना. तुमच्या शेवटच्या पाठाला बाहेरनं परीक्षक येतील. ते खूश झाले तर संस्थेत मी तुमचंच नाव घालतो."

झालं. त्या रात्रीच मी घरी फोन केला, "आई, नोकरी लागली."

"लागली?"

"लागल्यातच जमा."

आईनं 'जमा' हा शब्द गाळून सगळ्या गल्लीत सांगितलं. सकाळपर्यंत पेढे वाटून झाले होते. आता मला ती नोकरी लागणं भागच होतं.

परीक्षक येणार होते बार्शीचे उदयसिंह सर. त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं, जांभई देताना मात्र पुष्कळांनी पाहिलं होतं. त्यांच्यासमोर पाठ घेऊन आलेल्या पोरी सांगायच्या, सर मागच्या बाकावर बसतात, डोळे मिटतात आणि एकदम म्हणतात, "ऐकू येत नाही." मी म्हटलं, ठीक आहे, ऐकू येईल. माझा प्रदीपदादा मंडप-साउंडचा धंदा करतो. त्याच्याकडून मी स्पीकर मागवला, जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या गल्लीत वाजतो तोच. लाइट गेली तरी बॅटरीवर चालणारा. एसटीच्या कंडक्टरनं त्याचं वेगळं तिकीट फाडलं.

पाठाचा विषय होता 'पाणी आपल्यापर्यंत कसं येतं'. सहावीचा वर्ग. पावसाचा आवाज मी आत्याच्या पत्र्यावर तांदूळ टाकून केला, नदीचा आवाज बादलीत. पण मुख्य मुद्दा राहिलाच होता. या गावात पाणी नदीतून येत नाही, नळातून येत नाही. टँकरमधून येतं.

मग मी टँकरवाल्याला गाठलं. बसलिंगप्पा मामा, मूळचे कानडी सीमेवरच्या मैंदर्गीचे. मराठी बोलतात, पण दर वाक्यात एक 'री' सोडून जातात. त्यांच्या टँकरचा हॉर्न साधा नाही. आधी दोन छोटे, मग एक असा लांबलचक की झाडावरची पाखरं उठतात.

"हॉर्न रेकॉर्ड करायचाय? कशाला री मॅडम?"

"मुलांना शिकवायला."

"ह्यात काय शिकवणार? ह्या गावात पाळण्यातलं पोर ओळखतंय ह्यो हॉर्न." ते खुशीत येऊन सांगायला लागले. टँकर थांबायचा चौकात, दिवस ठरलेले, पण यायची वेळ काही ठरलेली नाही. हॉर्न वाजला की जो तो भांडी घेऊन पळत सुटतो आणि भांडं लाइनीत ठेवतो. एकदा ठेवलं की नंबर पक्का. दुसऱ्याच्या भांड्याला हात लावायचा नाही, लावला की भांडण. चौकातली माणसं पहिली, माळवस्तीच्या बायका पळत येईपर्यंत शेवटच्या. "त्यांच्या वाट्याला तळाचं गढूळ पाणी येतंय. मी तर काय करू री? टँकर लाइन बघतो, माणूस बघत नाही."

मला ते ऐकून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. माझ्या वर्गातली अंकिता माळवस्तीची. टँकरच्या दिवशी ती आणि तिच्याबरोबरच्या पोरी शाळेत दिसायच्याच नाहीत. सकाळपासून वस्तीवर भांडी घेऊन हॉर्नची वाट बघत बसायच्या. पण तेव्हा माझ्या डोक्यात हॉर्न होता. मामांनी मोबाइलजवळ येऊन मनापासून हॉर्न वाजवला, आणि मी त्या आवाजाच्या प्रेमातच पडले.

घरी मी त्या पाठाची इतकी तालीम केली की आत्याला भूगोल पाठ झाला. फक्त आत्याची झोपमोड नको म्हणून सगळी तालीम हेडफोन लावून केली. हे लक्षात ठेवा.

पाठाचा दिवस उजाडला. नेमका तो टँकरचा दिवस नव्हता, म्हणून वर्गही भरलेला. खिडक्यांना मी आत्याच्या सोलापुरी चादरी लावून अंधार केला, प्रोजेक्टर लावला, स्पीकर दारात ठेवला. उदयसिंह सर मागच्या बाकावर बसले. शेजारी महिपती सर, ठेवणीतला कोट घालून.

पाठ सुरू झाला आणि काय सांगू तुम्हाला, मी त्या दिवशी फॉर्मात होते. ढग आले, पाऊस पडला, तांदूळ अगदी पावसासारखे वाजले. नदी वळणं घेत गेली. पोरं तोंडं उघडी टाकून बघत होती. उदयसिंह सरांनी अजून एकही जांभई दिली नव्हती. महिपती सरांनी मला डोळ्यांनीच 'जून' म्हणून खूण केली.

"आणि आता सांगा बरं," मी म्हणाले, "आपल्या गावात पाणी कशातून येतं? आवाज ओळखा."

आणि मी बटण दाबलं.

पहिल्या दोन छोट्या हॉर्नला सगळा वर्ग उभा राहिला. तिसऱ्या लांब हॉर्नला वर्ग रिकामा होता. दारातून, खिडकीतून, चादरी ओढून, जसं जमेल तसं. अंकिता तर माझ्या टेबलावरून गेली. वर्गात उरलो मी, दोन सर, आणि पडद्यावर हसणारा एक ढग.

"विद्यार्थी कुठे गेले?" उदयसिंह सरांनी विचारलं.

"सर, हे कृतियुक्त अध्ययन आहे," मी म्हणाले. आम्हाला कॉलेजात शिकवलंय, काही गडबड झाली की हा शब्द वापरायचा.

"पाठटाचणात नाही हे."

तेवढ्यात हॉर्न पुन्हा वाजला. मुलं विचार करेपर्यंत मागे वाजत राहावा म्हणून मी तो सारखा फिरता ठेवला होता. मी बंद करायला गेले तर लॅपटॉप हँग. ती गोल बांगडी पडद्यावर फिरत बसली आणि हॉर्न वाजत राहिला. हेडफोनवर मला त्याचा जोर कळलाच नव्हता; मी वायर शोधेपर्यंत तो अख्ख्या माळावर, खाली गावात, पलीकडच्या डाळिंबाच्या बागांत, सगळीकडे पोहोचला होता. शेवटी महिपती सरांनी वायर उपटली.

शांतता झाली. आणि त्या शांततेत बाहेरून आवाज यायला लागला. भांड्यांचा.

मी व्हरांड्यात आले तर माळवस्ती लोटली होती. सगळ्यात पुढं अंकिताची आजी, सोजरबाई. डोक्यावर हंडा, काखेत कळशी, हातात रंगाचा रिकामा डबा. तिनं शाळेच्या फाटकाला लागून पहिला हंडा ठेवला, त्यामागं कळशी, त्यामागं डबा, आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कुटं लावलाय टँकर?"

"आजी, टँकर नाही आला. तो माझा व्हिडिओ होता."

"टँकर न्हाय तर वाजलं काय?"

"वाजलं ते लॅपटॉपवर."

"मग पाणी कशात हाय?"

मी उत्तर देईपर्यंत खालून चौकातली माणसं धापा टाकत पोचली. पुढं उपसरपंच आदिनाथभाऊ, दोन्ही हातांत कॅन. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा नंबर माळवस्तीच्या मागं लागला होता. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"महिपती सर," ते म्हणाले, "टँकर शाळंपाशी कवापासनं? आणि आमाला इचारलं कुणी?"

"टँकर आलाच नाही हो."

"लपवलाय कुटं?"

दोघंजण शाळेच्या मुताऱ्यांमागं जाऊन टँकर शोधून आले. तिसऱ्यानं स्वयंपाकाच्या खोलीत डोकावून बघितलं. टँकर खिचडीच्या पातेल्यात मावणार असेल तर गोष्ट वेगळी. महिपती सर घामाघूम झाले. मला म्हणाले, "मॅडम, तुमीच निस्तरा. दाखवा ह्यांना आवाज कुठून आला ते."

मला वाटलं, बरोबर आहे, प्रात्यक्षिकासारखं दुसरं साधन नाही. मी लॅपटॉप बंद करून चालू केला, वायर जोडली आणि सगळ्यांसमोर एकदाच, फक्त एकदाच, हॉर्न वाजवला.

"हां, व्हय की," माणसं म्हणाली. पटलं सगळ्यांना.

फक्त जे गाव इतका वेळ रानात होतं, ज्यांना पहिल्यांदा नीट ऐकू आलं नव्हतं, ते सगळे आता आले. मोटरसायकलींना दोन्हीकडून कॅन बांधून आले. लाइन फाटकातून निघून मैदानाला वळसा घालून उदयसिंह सरांच्या गाडीला पुढून-मागून वेढा देऊन गेली. सर निघायच्या बेतात होते. त्यांनी एक कळशी पायानं जरा बाजूला केली.

"सायेब," सोजरबाई म्हणाली, "भांड्याला हात लावू नगा."

"पाय लावला."

"त्यो पन नगा लावू."

परीक्षकांना असं बोललेलं मी तरी पहिल्यांदाच ऐकलं. सर गपचूप व्हरांड्याच्या पायरीवर बसले. मी त्यांच्या शेजारी जाऊन हळूच म्हणाले, "सर, मूल्यमापनाचे प्रश्न राहिलेत, घेऊ का?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला गल्लीतले पेढे आठवले.

आता टँकर नाही हे सगळ्यांना पटलं होतं, तर घरी जावं की नाही? नाही. माळवस्तीच्या बायका हलेनात. "नंबर लागलाय," सोजरबाई म्हणाली. "एकदा लागलेला नंबर मोडत न्हाईत. टँकर कवा पन येऊ दे, आज येऊ दे न्हाईतर उद्या, आमी हितंच." आणि त्या बसल्या म्हणून चौकातले बसले. ते गेले असते तर उद्याचा नंबरही गेला असता. अशी शाळेच्या मैदानात गावसभा भरली. महिपती सर माझ्याकडे बघत नव्हते. जूनची जागा माझ्या डोळ्यांदेखत वाफ होऊन ढगात निघाली होती.

आणि तेवढ्यात, खाली चौकातून, हॉर्न वाजला. दोन छोटे, एक लांब.

एकही माणूस जागचा हलला नाही.

"बास करा की मॅडम आता," आदिनाथभाऊ म्हणाले. "कितींदा त्येच."

"भाऊ, हा माझा नाही!"

"व्हय, व्हय."

"अहो हा बघा लॅपटॉप, मिटलेला आहे, माझ्या काखेत आहे!"

"मग मोबाइलात असंल."

मी मोबाइल उलटा करून दाखवला, पर्स रिकामी करून दाखवली. सगळे हसायला लागले. हॉर्न आणखी दोनदा वाजला, जरा चिडून. मग गप्प झाला. आणि मग अंकिता, ती फाटकावर चढून बसली होती, ती म्हणाली, "बाई, टँकर चाललाय."

खरंच चालला होता. ठरलेला दिवस नसताना आला होता बिचारा, आणि चौकात चिटपाखरू नाही म्हटल्यावर वळून पुढच्या गावच्या रस्त्याला लागला होता. माळावरून तो स्पष्ट दिसत होता, मागं धूळ सोडत जाणारा.

सगळं गाव नुसतं माझ्याकडे बघायला लागलं. नोकरी गेली तर गेली, पण या एवढ्या भांड्यांत आता माझ्यामुळे पाणी येणार नव्हतं. सोजरबाई रंगाच्या डब्यावर बसली होती, ती उठून उभी राहिली. मला रडूच आलं असतं, पण रडायला वेळ नव्हता.

मी धावत वर्गात गेले. "सर, धरा!" म्हणून स्पीकरची एक बाजू उचलली. दुसरी बाजू कुणी उचलली हे मी बघितलंच नाही. स्पीकर व्हरांड्याच्या टोकाला नेला, तोंड रस्त्याकडे केलं, वायर जोडली, आवाज शेवटच्या टोकापर्यंत फिरवला आणि बटण दाबलं. पत्र्यांचं छप्पर थरथरलं. वस्तीवरची शेरडं एकदम उठली.

रस्त्यावर टँकर थांबला. मी पुन्हा दाबलं. टँकर वळला आणि असा काही सुसाट आला की फाटकाशी करकचून ब्रेक लागले. बसलिंगप्पा मामा हातात पाना घेऊनच खाली उतरले.

"कोण री तो?" त्यांनी गर्जना केली. "माझ्या गावात दुसरा टँकर कुणी घुसवला? कुठाय?"

आणि तेही मुताऱ्यांमागं जाऊन बघून आले.

शेवटी मी त्यांना स्पीकरजवळ नेऊन सगळं सांगितलं. त्यांनी पाना खिशात घातला, हाताची घडी घातली, आणि मला परत एकदा वाजवायला लावलं. डोळे मिटून ऐकलं.

"आवाज छान आलाय," ते म्हणाले.

आदिनाथभाऊंनी लगेच तोंड घातलं, "मामा, टँकर चौकात घ्या. रीतीपरमानं."

"लाइन हितं आहे री. मी लाइन बघतो." आणि त्यांनी नळी काढून पहिल्या हंड्यात सोडली.

सोजरबाईचा हंडा भरला. ती वाकून त्यात बघत राहिली. मग अंकिताला जवळ बोलावून म्हणाली, "बघ गं, हंड्याचा तळ दिसतोय." मी तिकडं बघितलं नाही, उगाच स्पीकरच्या वायरी गुंडाळत बसले. त्या दिवशी चौकातल्या लोकांनी पहिल्यांदा तळाचं पाणी नेलं, आणि आदिनाथभाऊ ते गाळत गाळत घरी गेले.

स्पीकरची दुसरी बाजू उदयसिंह सरांनी उचलली होती. त्यांच्या शर्टावर आडवा धुळीचा पट्टा उमटला होता. मुलं भिजलेल्या कपड्यांनी वर्गात येऊन बसली, तेव्हा त्यांनी स्वतः विचारलं, "पाणी आपल्यापर्यंत कसं येतं?"

"बाईंनी हॉर्न वाजवल्यावर!" अख्खा वर्ग म्हणाला.

आणि सर हसले. बार्शीचे उदयसिंह सर, चक्क दात दाखवून. जाताना म्हणाले, "साधनाची परिणामकारकता अशी मी आजवर पाहिली नाही. वर्गनियंत्रणही असं आजवर पाहिलं नाही." गुण चांगले पडले. मी लगेच घरी फोन केला, "आई, आता खरंच लागल्यातच जमा."

पुढचे दिवस मजेत गेले. मामा परस्पर शाळेपाशीच यायला लागले. ते निघाले की मला फोन करायचे, मी हॉर्न वाजवायचे, आणि आता पळायची पाळी चौकातल्यांवर आली. अंकिता आणि तिच्या मैत्रिणी टँकरच्या दिवशीही वर्गात बसायला लागल्या. भांडं भरलं की परत बाकावर. महिपती सर हजेरी बघून हरखून गेले होते.

इंटर्नशिपच्या शेवटच्या दिवशी माळवस्तीच्या सगळ्या बायका शाळेत आल्या. पुढं सोजरबाई. संस्थेचे अध्यक्ष त्या दिवशी महिपती सरांच्या खोलीत बसले होते. मी बाहेर दाराशी होते, मुद्दाम नाही, पण होते.

"अध्यक्षसायेब," सोजरबाईचा आवाज आला, "आमचं येकच म्हननं हाय. हितनं जाऊ देऊ नगा. पोरी शाळंत बसत्यात त्या त्याच्यामुळं. जूनपासनं हितंच ऱ्हायला पायजे."

"विचार करू," अध्यक्ष म्हणाले.

"इचार न्हाय, ठरवाच. वस्तीवरनं वर्गणी काढू वाटल्यास."

सोलापुरातल्या आमच्या गल्लीत अशी कुणी माझी किंमत केली नव्हती. मी डोळे पुसत आत गेले, हात जोडले आणि म्हणाले, "आजी, वर्गणी कशाला? मी थांबायला तयार आहे."

सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या. सोजरबाईनं महिपती सरांकडे बघितलं, सरांनी छताकडे.

"तुमी व्हय?" सोजरबाई मायेनं म्हणाली. "तुमी जावा की बाई बिनघोर, आईबाप वाट बघत असतील. आमी त्या स्पीकरचं म्हनतोय."

ठराव तिथल्या तिथं मंजूर झाला. प्रदीपदादानं स्पीकर देऊन टाकला, आणि त्या शाळेत जूनपासून तो रुजू झाला. मी अजून अर्ज करतेय.